दोनशे चौदा बायोडाटा

शेळगीतल्या नीलम्मा हत्तुरे यांना लग्नं जमवायचा नाद कधी लागला, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. धाकट्या नणंदेला स्थळं पाहताना त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. नणंद नांदायला गेली, तरी वही काही मिटली नाही. कुणाची भाची, कुणाचा चुलतदीर, कुणाच्या मैत्रिणीची लेक. "अक्का, आमचंबी नाव घाला की वहीत," म्हणत माणसं येत गेली. नीलम्मा उंची, शिक्षण, रास, जन्मवेळ लिहून घ्यायच्या आणि फोटो डिंकाने चिकटवायच्या. अक्कलकोटपासून पार इंडीपर्यंतची लिंगायत घरं त्यांना तोंडपाठ झाली. कुठल्या घरात सासू मोकळी आहे, कुठल्या मुलाला बोलताना अडखळायला होतं, कुठल्या मुलीला पुढं शिकायचंय, सगळं डोक्यात. मुलाच्या आजीशी कन्नडमध्ये आणि मुलीच्या वडिलांशी मराठीत बोलत त्या एका बैठकीत दोन्ही बाजू सांभाळायच्या. मोबदला म्हणून त्यांनी कधी काही घेतलं नाही. मांडवात पहिल्या ओळीत बसवतात, नवरी वाकून पाया पडते, यातच त्यांना सगळं मिळायचं.

सात वर्षांपूर्वी पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, अनिलकुमारने, आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. नीलम्मा तेव्हा पन्नाशीच्या. दोन गल्ल्या सोडून रेश्मा पवार नावाच्या बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवत. तिथं शाळेतल्या पोरींच्या रांगेत बसून त्या मराठी टायपिंग शिकल्या. वर्षभरात सगळ्या वह्या कॉम्प्युटरात उतरल्या. त्यांनी तीन फोल्डर केले होते. एक मुलींचा, एक मुलांचा आणि तिसरा 'जमलेली'. या तिसऱ्यात त्यांनी जमवलेल्या लग्नांतल्या मुलामुलींचे बायोडाटे होते. कुणी पाहुणे आले की त्या तो फोल्डर उघडून दाखवायच्या. नवरा, रुद्रप्पा, होटगी जंक्शनवर चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. गाड्यांच्या आवाजाने कान गेलेले. ते लांबूनच म्हणायचे, "माझी बायको कलेक्टर हाय. फाइली बघा तिच्या."

अनिलकुमारने जाताना बऱ्याच गोष्टी बजावल्या होत्या. अँटिव्हायरस दरवर्षी नवा करायचा, कुठल्याही बटणावर उगीच टिचकी मारायची नाही, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायचा नाही. मागच्या दिवाळीत तो म्हणाला होता, "आई, ह्या जुन्या विंडोजला आता कंपनी अपडेट देत न्हाय. मशीन बदलूया." नीलम्मा "व्हय व्हय" म्हणाल्या होत्या. अँटिव्हायरसची मुदत संपून आठ महिने झाले होते. रोज पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी सूचना यायची आणि नीलम्मा तिच्यावरची फुली दाबून कामाला लागायच्या. वापरताना कुठं काही अडत नव्हतं, मग कशाला बदलायचं, असा त्यांचा हिशेब.

मार्चमधला मंगळवार होता. पाण्याचा दिवस, त्यामुळे पहाटेपासून पिंपं भरून कंबर धरली होती. रुद्रप्पा मंडईत गेले होते. अकराच्या सुमाराला नीलम्मा कॉम्प्युटरसमोर बसल्या. एका मुलीचा बायोडाटा करायचा होता आणि तिच्या आईला भोवती वेलबुट्टीची चौकट हवी होती. फुकट चौकटी मिळतात अशी एक साइट सापडली. तिच्यावर 'डाउनलोड' लिहिलेली तीन हिरवी बटणं होती. त्यातलं सगळ्यात मोठं त्यांनी दाबलं.

पडदा एकदम लाल झाला. आतून भोंगा वाजायला लागला आणि एक बाई हिंदीत मोठ्याने सांगायला लागली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये धोकादायक व्हायरस शिरला आहे, मशीन बंद केलीत तर सगळी माहिती कायमची जाईल, ताबडतोब खालच्या नंबरावर फोन करा. नीलम्मांनी फुली शोधली. फुली नव्हतीच. भोंगा थांबेना. भिंतीवरचं बटण बंद केलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं, हे रेश्माने पुढं सांगितलं. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त ते तीन फोल्डर आले. त्यांनी नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेतलं. "घबराइए मत, माताजी, मैं हूँ ना." त्याने सांगितलं तसं त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला, त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर वाचून दाखवला आणि 'परवानगी द्या' असं होतं तिथं टिचकी मारली. भोंगा बंद झाला. माऊसवरून हात काढला तरी बाण आपोआप फिरायला लागला. नीलम्मांना हायसं वाटलं. चला, कुणीतरी जाणकार माणूस आला.

"कंप्यूटर में क्या क्या रखती हैं आप?" त्याने विचारलं.

मोडक्या हिंदीत नीलम्मांनी सांगितलं. लग्नाची स्थळं आहेत, दोनशेच्या वर आहेत, मुलींचे फोटो या फोल्डरमध्ये, मुलांचे त्या फोल्डरमध्ये. तो म्हणाला, "बहुत पुण्य का काम करती हैं आप." हे ऐकून नीलम्मा लाजल्या. पुढं कित्येक दिवस त्यांना हे आपलं लाजणं आठवायचं.

मग पडदा काळा झाला. सफाई चालू आहे, हात लावू नका, असं त्याने सांगितलं. चाळीस मिनिटं त्या काळ्या पडद्यासमोर बसून होत्या. शेवटी त्याने बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला. कार्ड रुद्रप्पांच्या पाकिटात होतं. "शाम को फोन करता हूँ," म्हणून त्याने ठेवलं. संध्याकाळी खरंच फोन आला. तो रुद्रप्पांनी उचलला. त्यांना काही ऐकू येईना. "कोण? कसलं कार्ड? रेशनकार्ड का?" असं तीनदा ओरडून त्यांनी फोन बंद केला. तोपर्यंत नीलम्मांच्याही मनात पाल चुकचुकली होती. पण बँकेतलं सगळं शाबूत होतं, कॉम्प्युटर चालत होता, फोल्डर जागच्या जागी होते. वाचलो म्हणायचं आणि गप्प बसायचं, असं त्यांनी ठरवलं. अनिलकुमारलाही कळवलं नाही. तो रागावला असता.

नवव्या दिवशी वळसंगहून काशम्मांचा फोन आला. काशम्मांची मुलगी दानेश्वरी सोलापुरात एका दवाखान्यात नर्स होती. तिचं स्थळ नीलम्मांनीच अक्कलकोटच्या एका घरी लावलं होतं. बोलणी जवळपास पक्की झाली होती.

"नीलाक्का, तुमी दानेश्वरीचा फोटो कुणाकुणाला दिलाव?"

"का वो? काय झालं?"

"काल सकाळपासून तिला फोन येलालेत. पोरगी ड्युटीवर हाय. एक म्हणतो, मी मुलाकडचा. उंची सांगतो, पगार सांगतो, रास सांगतो. मग म्हणतो, अजून फोटो पाठव, एकटीच भेटायला ये. न्हाय म्हटल्यावर लई घाण शिव्या दिल्या. जन्मवेळसुद्धा सांगितली की वो त्यानं. पहाटे चार वाजून सात मिनिटं, म्हणाला. खरी तर चार सतरा हाय."

नीलम्मा खाली बसल्या. चार सतराच्या जागी चार सात टाइप झालं होतं, ती चूक त्यांचीच. छापलेल्या कागदावर त्यांनी ती पेनाने दुरुस्त करून पाठवली होती. चुकलेली वेळ फक्त एकाच ठिकाणी उरली होती, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये.

"अक्का, ऐकायलालाव न्हवं?" काशम्मा विचारत होत्या.

"मी बघते," एवढंच नीलम्मा म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्याच दुपारी विजापूर रोडवरून एका मुलीच्या मामाचा फोन आला. संध्याकाळी आणखी एक.

रुद्रप्पांना सगळं सांगायला नीलम्मांना त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने बोलावं लागलं. आपलीच चूक ओरडून सांगताना त्यांना दोनदा रडू आलं.

रुद्रप्पा म्हणाले, "कुणाला कळवू नको. ज्यांना फोन आलेत त्यांना म्हण, मला काय ठाव न्हाय. आजकाल सगळ्यांचीच माहिती फुटते. तू काय केलीस? चोर कुणाच्याबी घरात शिरतो."

"शिरला न्हाय वो. मीच दार उघडलं, आणि कपाट कुठं हाय तेबी मीच दाखवलं."

"पण लोक काय म्हणतील, ते बघ की. वीस वर्षांचं नाव हाय तुझं."

नीलम्मांना ते पटलं नाही असं नव्हतं. नाव हीच तर त्यांची सगळी कमाई. दोन दिवस त्या फोन वाजला की दचकायच्या आणि दोनदा तर त्यांनी तो उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अनिलकुमारला फोन लावला. तो ऐकून घेत गेला. मध्ये एकदाच म्हणाला, "मी सांगितलेलं ना, आई."

"व्हय. सांगितलेलास."

"बरं. आधी इंटरनेटची वायर काढ. आत्ता, मी फोनवर असतानाच. त्यानं टाकलेला प्रोग्रॅम अजून आत असणार, तो वाटेल तेव्हा परत येऊ शकतो." नीलम्मांनी टेबलाखाली वाकून वायर उपटली. दहा-बारा दिवस तो माणूस आपल्या घरात बसून होता, ही कल्पना त्यांना तेव्हा पहिल्यांदा शिवली. "आता त्या कॉम्प्युटरवरनं काहीच उघडू नको. मेलचा, बँकेचा, सगळे पासवर्ड फोनवरनं बदलायचे, प्रत्येकाचा वेगळा. आणि उद्या पोलिसांकडं जा."

सायबरच्या पोलीस ठाण्यात एका बाई अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली. नीलम्मांना वाटलं होतं, आपल्याला बोल लावतील. त्या बाईंनी शांतपणे सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, "गुन्हेगार कधी सापडेल ते मी सांगू शकत नाही. पण ज्यांची माहिती गेलीय त्यांना तुम्ही कळवा. सावध असतील तर फसणार नाहीत. किती जण आहेत?"

नीलम्मांनी घरी येऊन जुन्या वह्या आणि छापील कागद काढून मोजले. मुली, मुलं आणि जमलेली मिळून दोनशे चौदा.

चार दिवस त्या फोन करत राहिल्या. सकाळची भाकरी झाली की पाट घेऊन बसायच्या. "नमस्कार, शेळगीची नीलम्मा बोलते. माझ्याकडून एक चूक झालीय," अशी सुरुवात करायच्या. पहिल्या काही फोनना वाक्य अर्ध्यावर तुटायचं. पुढं शब्द सवयीने यायला लागले आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. कुणी म्हणालं, बरं झालं सांगितलंत. कुणाला काहीच कळलं नाही, व्हायरस म्हणजे आजार समजून एका म्हातारीने तब्येतीला जपा म्हणून सांगितलं. एका बाईने सगळं ऐकून विचारलं, "ते असू द्या, आमच्या मल्लेशला मुलगी बघितलाव का?" पण शेवटी नाव काढून टाका म्हणणारे जास्त होते. एक गृहस्थ म्हणाले, "आजपासून आमच्या घराचं नाव घ्यायचं न्हाय." आणि फोन ठेवला.

सगळ्यात जिव्हारी लागला तो इंडीच्या एका सासऱ्याचा प्रश्न. त्यांच्या सुनेचं लग्न नीलम्मांनीच जमवलं होतं.

"लग्नाला सहा वर्षं झाली. दोन लेकरं हाईत तिला. तिचा लग्नाआधीचा फोटो तुमच्याकडं अजून कशाला होता?"

नीलम्मांकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढवेना. एकसष्ट लग्नं मी जमवली, हे लोकांना दाखवायला तो होता.

वळसंगला मात्र फोनवर सांगून भागणार नव्हतं. काशम्मांच्या पहिल्या फोनला त्यांनी 'बघते' म्हणून वेळ मारून नेली होती, ते त्यांच्या मनाला टोचत होतं. रविवारी एसटीने त्या एकट्याच गेल्या. ऊन चढलेलं होतं. काशम्मा सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. दानेश्वरी रजा घेऊन घरी आली होती. नीलम्मांना पाहून ती आत गेली नाही, पण 'या' असंही म्हणाली नाही.

नीलम्मांनी सगळं सांगितलं. लाल पडदा, भोंगा, फोन, चार सातची चूक. काशम्मांचे हात थांबले.

"म्हणजे तुमाला तेव्हाच कळलं होतं? मी फोन केला तेव्हा?"

"कळलं होतं."

"आणि तुमी बोलला न्हाय." काशम्मांनी तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "अक्कलकोटवाल्यांनी थांबा म्हटलंय. इंटरनेटवर कुठल्यातरी घाणेरड्या पानावर हिचा फोटो आलाय, खाली फोन नंबर. मुलाच्या मामानं बघितला. असल्या पानावर मामा काय करत होता, ते कुणी विचारत न्हाय. डाग आमच्या पोरीला."

"मी जाते अक्कलकोटला. मी समजावते त्यांना. चूक माझी हाय, पोरीची न्हाय, असं सांगते."

"नका जाऊ," दानेश्वरी पहिल्यांदाच बोलली. आवाज चढलेला नव्हता. "फोटो बघून माघारी फिरले ते बरंच झालं. त्यांच्याबद्दल मला काय वाटत न्हाय. मला तुमाला एक विचारायचंय, मावशी. चोरांनी माझा फोटो नेला, ते नेला. त्याच्या आधी तुमी स्वतः किती जणांना पाठवला होता?"

नीलम्मा गोंधळल्या. "स्थळ बघायचं म्हणजे पाठवावाच लागतो की, बाळ."

"किती जणांना?"

"असतील तीस-चाळीस घरं. शिवाय एक-दोन ग्रुप."

"मी दवाखान्यात पेशंटची फाइल त्याच्या सख्ख्या भावालाबी विचारल्याबिगर दाखवत न्हाय. आणि माझी उंची, रंग, पगार, फोटो चाळीस घरांत फिरला. हिला दाखवू का, त्याला पाठवू का, असं मला एकदा तरी विचारलात?" मग ती आईकडे वळली. "तूबी न्हाय विचारलंस."

नीलम्मा म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यांना वाटलं, आता पोरगी काहीतरी बोलेल, रडेल, निदान रागावेल. दानेश्वरीने फोन काढला, ज्या ज्या नंबरांवरून त्रास झाला त्यांची यादी दाखवली आणि म्हणाली, "लिहून घ्या. तुमच्या तक्रारीत हे घाला. पानाचा पत्ताबी देते." नीलम्मांनी पिशवीतल्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर अकरा नंबर लिहून घेतले. दानेश्वरीने प्रत्येक नंबर दोनदा सांगितला. पाणी प्यायला कुणी विचारलं नाही. निघताना ती एवढंच म्हणाली, "साडेचारची एसटी हाय. पुढची लई उशिरा येते."

सोमवारी रेश्मा पवार घरी आल्या. कॉम्प्युटर उघडून त्यांनी तासभर तपासला. त्या माणसाने ठेवलेला प्रोग्रॅम मशीन सुरू होताच आपोआप चालू होत होता, आणि त्याच्याशिवाय आणखी दोन निघाले. एक तर बटणं दाबाल ती टिपून ठेवणारा.

"हे पुसून चालणार न्हाय, काकू. सगळी डिस्क कोरी करावी लागणार," त्या म्हणाल्या. "आणि ह्या मशीनला नवी विंडोज झेपत न्हाय. क्लासमधली एक वापरलेली मशीन देते तुमाला, तिला अपडेट मिळतात. त्याआधी तुमचं काय ठेवायचं ते सांगा. तपासून तेवढंच पेनड्राइव्हवर काढते."

ज्यांनी 'नाव राहू द्या' असं स्पष्ट सांगितलं होतं त्यांचीच यादी नीलम्मांनी रेश्मापुढे ठेवली. सेहेचाळीस नावं होती.

"आणि हा 'जमलेली'?"

"जरा थांब."

नीलम्मांनी तो फोल्डर उघडला आणि एकेक बायोडाटा पाहायला सुरुवात केली. हिच्या लग्नात पाऊस आला होता आणि मांडव कोसळला होता. याची आई लग्नानंतर महिन्यातच गेली. ही आता दुबईला असते. रेश्मा शेजारी बसून राहिल्या, घाई केली नाही. शेवटचा पाहून झाला तेव्हा नीलम्मा म्हणाल्या, "काढून टाक." आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. साखर घालायची विसरल्या. रेश्माने तसाच प्याला.

नव्या मशीनवर रेश्माने दोन खाती केली. रोजच्या कामाच्या खात्यातून नवा प्रोग्रॅम बसवताच येत नाही. तो बसवायचा तर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो नीलम्मांनी मुद्दाम अनिलकुमारकडे ठेवला. मेल उघडताना मोबाइलवर आकडे येतात, ते घातल्याशिवाय काही उघडत नाही. बायोडाटे ज्या फोल्डरात आहेत त्याला वेगळं कुलूप. दर सोमवारी त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. "जोडून ठेवली तर जे मशीनला होईल तेच तिलाबी होईल," रेश्मा म्हणाल्या. नीलम्मांनी विचारलं, "आता व्हायरस येणार न्हाय ना?" रेश्मा म्हणाल्या, "अपडेट आणि अँटिव्हायरस त्यांचं काम करतील. पण तुमच्या मशीनमध्ये तो माणूस व्हायरस होऊन शिरला न्हाय, काकू. फोनवर तुमीच त्याला आत घेतलाव. ते कुठलंच सॉफ्टवेअर अडवत न्हाय. पडदा लाल झाला, भोंगा वाजला, काय वाट्टेल ते झालं, तरी सरळ बटण बंद करायचं आणि मला बोलवायचं."

एप्रिल-मे लग्नसराईचे. एरवी या दिवसांत नीलम्मांच्या घरी चपलांचा ढीग असायचा. या वर्षी आठवड्यातून एखादं कुणी यायचं. शुक्रवार पेठेतल्या एका लग्नात त्यांना चौथ्या ओळीत जागा मिळाली आणि मागच्या खुर्चीवरून कुणीतरी "ह्याच त्या" असं म्हटलेलं त्यांना ऐकू आलं. जेवण न करताच त्या निघाल्या. रुद्रप्पांनी विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

जे येतात त्यांना नीलम्मा आता सांगतात की मुलीला घेऊन या, मुलगा असेल तर त्याला आणा. काहींना हे पटत नाही. "पोरीला काय विचारायचं त्यात?" म्हणून एक बाई उठून गेल्या. ज्या मुली येतात त्यांना नीलम्मा विचारतात की कुठल्या घरी पाठवू, फोटो पाठवू का नुसतीच माहिती. तीन महिन्यांत त्यांनी एकही लग्न जमवलेलं नाही.

दानेश्वरीचा फोटो तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी त्या पानावरून निघाला. अक्कलकोटवाल्यांनी दुसरीकडे मुलगी पाहिली. जूनमध्ये फोटो पुन्हा एका वेगळ्याच साइटवर दिसला. दर आठवड्याला शोधायचं, असं नीलम्मांनी स्वतःला लावून घेतलं होतं. फोटोवरून फोटो कसा शोधायचा ते रेश्माकडून शिकून घेतलं होतं. असल्या पानांवरून डोळे फिरवताना त्यांना मध्येच उठून पाणी प्यावं लागायचं. त्या दिवशी तक्रारीचा अर्ज त्यांनी स्वतः भरला, पोलीस ठाण्यातल्या बाईंना पाठवला आणि काशम्मांना फोन केला. काशम्मा सगळं ऐकून "बरं" म्हणाल्या. रागाने की थकव्याने, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरावरून मेसेज आला. 'मी दानेश्वरी. जुना नंबर बंद केलाय. नवीन पानाचा पत्ता मलाही पाठवा, माझी तक्रार मी वेगळी करते. आणि हा नंबर कुणालाही देऊ नका.'

नीलम्मांनी पत्ता पाठवला. खाली आणखी काही लिहावं म्हणून दोनदा बोटं पुढं नेली आणि मागं घेतली.

"कुणाचा मेसेज?" रुद्रप्पांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं.

"एका मुलीचा," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"कुठली? वळसंगची?"

"हाय एक," नीलम्मा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या आणि कालच्या अर्जाची छापील प्रत पिशवीत घालून पोलीस ठाण्याकडे निघाल्या.